झिजलेल्या चांदीच्या नाण्याची ओळख : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात

बीजशब्द : नाणकशास्त्र, ठोकून पाडलेली नाणी, नागपूरकर भोसले, टांकसाळ, नाणेनिधी, निखात निधी अधिनियम

प्रस्तावना

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत जुने नाणे सापडणे ही अपूर्व घटना नव्हे. धानाच्या बांधीत नांगर चालताना, बोडीचा किंवा माजी मालगुजारी तलावाचा गाळ काढताना, घराचा पाया खणताना एखादी काळवंडलेली चकती वर येते. पुढे तिचे काय होते हे बहुधा सापडणाऱ्याच्या भीतीवर आणि गरजेवर अवलंबून असते. पुष्कळ नाणी सोनाराच्या मुशीत जातात. काही देव्हाऱ्यात राहतात. क्वचित एखादे नाणे विद्यार्थ्याच्या खिशातून महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांपर्यंत पोहोचते आणि त्यांना प्रश्न केला जातो : हे कोणाचे? अक्षरे पुसलेली, कडा फाटलेली, एका बाजूस केवळ दोन-चार रेघा उरलेल्या, अशा नाण्यापुढे नाणकशास्त्राचे शिक्षण न घेतलेला अध्यापक गोंधळतो. मग 'मोगलकालीन असावे' असे सावध उत्तर देऊन तो विषय संपवतो. प्रस्तुत लेखात अशा नाण्याची ओळख कोणत्या क्रमाने पटवावी आणि ती पटवताना या दोन जिल्ह्यांत कोणत्या चुका संभवतात, याचे विवेचन केले आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये हौशी लोक धातुशोधक यंत्रे घेऊन शेते धुंडाळतात. तेथे १९९६ च्या निधिविषयक कायद्याने आणि १९९७ पासून सुरू झालेल्या ऐच्छिक नोंदणी योजनेने अशा शोधांना एक चाकोरी दिली आहे. आपल्याकडे ती हौस रुजलेली नाही. गडचिरोलीत तर धातुशोधक यंत्र म्हटले की भूसुरुंग शोधणारे पोलीस पथकच डोळ्यांपुढे येते. येथील नाणी बहुतांशी नांगराने, फावड्याने आणि पावसाने वर काढलेली असतात. त्यामुळे नाणे कोणत्या थरात, कशासोबत होते याची माहिती वर येतानाच नष्ट होण्याचा धोका येथे मोठा आहे.

ठोकून पाडलेल्या नाण्याचे स्वरूप

यंत्राने छापलेले आणि हाताने ठोकून पाडलेले नाणे यांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने सर्व प्रांतांसाठी एकसारखा रुपया काढला. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम म्हणजे एक तोळा. तो अचूक वर्तुळाकार व दातेरी किनारीचा असतो. असा रुपया कितीही झिजला तरी त्याचे वर्तुळ बिघडत नाही आणि किनारीवर कोठे ना कोठे दाते उरतात. ही एवढी परीक्षा केली तरी विद्यार्थ्यांनी आणलेल्या 'प्राचीन' नाण्यांपैकी बरीच नाणी बाजूला काढता येतात.

हातघडणीच्या नाण्याची गोष्ट वेगळी आहे. ठरलेल्या वजनाची चांदीची चकती तापवून खालच्या स्थिर ठशावर ठेवीत, वरचा ठसा तिच्यावर धरीत आणि घणाचा घाव घालीत. घाव तिरका बसला तर एका बाजूची अक्षरे खोल आणि दुसऱ्या बाजूची उथळ उमटत. चकतीच्या कडेला चिरा पडत. अठराव्या शतकातील रुपयांबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे : ठसा चकतीपेक्षा मोठा असे. परिणामी ठशावरील पूर्ण मजकूर एका नाण्यावर कधीच मावत नाही. प्रत्येक नाण्यावर त्याचा एक तुकडा येतो. म्हणून नाण्यावर अक्षरे नसण्याची तीन निरनिराळी कारणे संभवतात. ती झिजली असतील, घाव नीट न बसल्याने उमटलीच नसतील, किंवा मुळात चकतीबाहेर राहिली असतील. झिजलेल्या भागात पृष्ठभाग गुळगुळीत व किंचित चकचकीत असतो, तर न उमटलेल्या भागात चकतीचा मूळ खरखरीतपणा शिल्लक राहतो. भिंगातून पाहिल्यास हा फरक बहुधा कळतो.

वजन, व्यास व जाडी

अक्षरे वाचण्याआधी नाणे तोलावे. हा क्रम पुष्कळांना उलटा वाटेल. परंतु नावाआधी वजन कळणे अधिक उपयोगी असते, कारण वजनाने शक्यतांची यादी एकदम आखूड होते. सोनाराचा इलेक्ट्रॉनिक काटा किंवा रसायनशास्त्र विभागाचा तराजू या कामी पुरेसा आहे.

सव्वातीन ग्रॅमच्या आसपास वजन, चौकोनी वा वेडावाकडा आकार आणि एका बाजूस सूर्य, षडरचक्र यांसारख्या स्वतंत्र खुणा असतील, तर ते आहत नाणे होय. त्यावर एकच मोठा ठसा नसून लहान लहान छिन्न्यांनी निरनिराळ्या वेळी खुणा उठवलेल्या असतात. दोन ग्रॅमच्या आसपासचे, साधारण दीड सेंटिमीटर व्यासाचे गोल नाणे पश्चिम क्षत्रपांचे असू शकते. त्यावर राजाचे मस्तक व मागे शकवर्षाचे ब्राह्मी अंक असतात. याच वजनाचे, पण मागील बाजूस नंदी असलेले नाणे कलचुरी कृष्णराजाचे असण्याचा संभव आहे. सहाव्या शतकातील या राजाची नाणी विदर्भात अमरावती जिल्ह्यातील धामोरी येथे मिळाली आहेत आणि त्यांवरील ब्राह्मी लेखात राजा स्वतःस 'परममाहेश्वर' म्हणवतो. चार ग्रॅमच्या आसपासचे जाडसर नाणे, ज्यावर मस्तकाचे रूपांतर निव्वळ ठिपक्यांत व रेघांत झालेले आहे, ते 'गधैया' प्रकारचे असते. ते झिजलेले नसतानाही झिजल्यासारखे दिसते, हे लक्षात ठेवावे.

खरी अडचण दहा ते साडेअकरा ग्रॅमच्या नाण्यांत येते, आणि या भागात प्रत्यक्ष हाती येण्याची शक्यता याच नाण्यांची अधिक. दिल्लीच्या सुलतानांचा व बहमनींचा चांदीचा टंका सुमारे अकरा ग्रॅमचा. शेरशाहाने (१५४०–१५४५) प्रचारात आणलेला व मोगलांनी पुढे चालवलेला रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. अर्धा ग्रॅम झिजलेला रुपया आणि नवाकोरा टंका यांचे वजन एकच भरते. येथे व्यास व जाडी मदतीस येतात. अकरा ग्रॅम चांदीचे घनफळ एक घन सेंटिमीटरहून थोडे अधिक. तेवढीच चांदी २७ मिलिमीटर व्यासाच्या चकतीत पसरली तर जाडी दोन मिलिमीटरहूनही कमी राहते. २१ मिलिमीटर व्यासात ती तीन मिलिमीटरपर्यंत जाते. पहिला घाट टंक्याचा, दुसरा अठराव्या शतकातील रुपयाचा. मोगलांचे आधीचे रुपये या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी बसतात, त्यामुळे केवळ एवढ्यावरून निकाल देऊ नये. पण बोटांच्या चिमटीत जाड, आखूड आणि जड लागणारा रुपया बहुधा उत्तरकालीन असतो, हे सराफांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

धातूची परीक्षा

नाणे चांदीचेच आहे काय, हे पाहण्यासाठी ते कानशीने घासण्याची मुळीच गरज नाही. दोऱ्याने टांगून हवेत व पाण्यात त्याचे वजन करावे. समजा, नाणे हवेत ११.२० ग्रॅम भरले आणि पाण्यात त्याचे वजन १.०८ ग्रॅमने घटले. तर त्याची सापेक्ष घनता १०.३७ येते. शुद्ध चांदीची १०.४९ व तांब्याची ८.९६ धरता, भेसळ तांब्याचीच असल्यास हे नाणे सुमारे ९३ टक्के चांदीचे ठरते. मात्र येथे थांबून विचार करावा. घट १.०८ ऐवजी १.०९ मोजली गेली असती, तर उत्तर सुमारे ८८ टक्के आले असते. ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या चुकीने पाच टक्क्यांचा फरक पडतो. नाण्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडाही तेवढी चूक घडवू शकतो. तेव्हा या पद्धतीने 'चांदी की रुपेरी मुलामा' एवढाच प्रश्न सोडवावा. प्रतवारी सांगण्यास क्ष-किरण प्रतिदीप्ती परीक्षणाचीच आवश्यकता असते. तेही पृष्ठभागाचीच घटकमात्रा सांगते. जमिनीत दीर्घकाळ पडलेल्या नाण्याच्या बाहेरील थरातून तांबे झिरपून गेलेले असते, म्हणून तो थर आतील धातूपेक्षा अधिक शुद्ध दिसतो.

स्वच्छतेविषयी स्पष्टच लिहिणे भाग आहे. चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासण्याची पावडर यांनी नाणे उजळण्याची प्रवृत्ती घरोघर आहे. नाणे महाविद्यालयात येते तेव्हा ते बहुधा आधीच उजळलेले असते. चांदीवरील काळा थर सल्फाइडचा व राखी, मेणचट थर क्लोराइडचा असतो. अक्षरांच्या उंचवट्याचे उरलेसुरले अवशेष अनेकदा या थरांतच टिकून असतात. थर गेला की अक्षरही जाते.

उरलेल्या अक्षरांचे वाचन

नाणे खिडकीजवळ धरून प्रकाश एका बाजूने, अगदी तिरपा पडू द्यावा व नाणे हळूहळू फिरवावे. समोरून पडणाऱ्या प्रकाशात सपाट दिसणारा भाग तिरप्या प्रकाशात बोलू लागतो. प्रत्येक अवस्थेचे छायाचित्र घ्यावे.

उत्तरकालीन रुपयांचा मजकूर फारसी लिपीत व ठरीव साच्याचा असल्याने, फारसी न येणाऱ्यालाही थोड्या सरावाने त्याचा माग काढता येतो. एका बाजूस 'सिक्का मुबारक बादशाह गाज़ी' व बादशहाचे नाव. दुसऱ्या बाजूस 'सन जुलूस मैमनत मानूस' आणि 'ज़र्ब' या शब्दापुढे टांकसाळीचे नाव. 'जुलूस' मधील शेवटच्या 'सीन'ची लांब ओढलेली रेघ झिजलेल्या नाण्यावरही सहसा टिकते. ती सापडली की नाणे सुलटे कसे धरावे हे कळते आणि बाकीच्या रेघांच्या जागा ठरवता येतात. टांकसाळीचे नाव मात्र बहुधा खालच्या भागात असते आणि नेमके तेच चकतीबाहेर जाते. अंकांबाबतही दक्षता हवी. फारसी शून्य म्हणजे निव्वळ ठिपका. शोभेच्या ठिपक्यांत तो सहज हरवतो. हिजरी वर्ष मिळाल्यास त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. हिजरी ११६५ म्हणजे इसवी सन १७५१–५२.

येथवर सर्व सुरळीत वाटते; परंतु वाचलेले खरे मानणे हीच पुढची चूक ठरू शकते. रघूजी भोसल्यांना १७५१ मध्ये कटकचा प्रांत मिळाला, आणि त्याच सुमारास चांद्याचे गोंड राज्यही त्यांच्या ताब्यात आले. भोसल्यांच्या रुपयांचा एक मोठा गट अहमदशाह बहादुर या मोगल बादशहाच्या नावाचा असून त्यावर टांकसाळ 'कटक' अशी आहे; कित्येकांवर त्रिशूळाची खूण आढळते. अहमदशाहाने राज्य केले ते १७४८ ते १७५४ एवढेच. त्याचे नाव असलेली नाणी मात्र त्यानंतरही दीर्घकाळ पाडली जात होती, कारण लोकांचा विश्वास बसलेला ठसा बदलणे म्हणजे बाजारात बट्टा ओढवून घेणे. तेव्हा नाण्यावरील बादशहा व वर्ष हे त्या नाण्याचा जन्मकाळ सांगतीलच असे नाही. ते फक्त 'याच्या आधीचे नव्हे' एवढे सांगतात. तीच गोष्ट स्थळाची. 'कटक' मधील दोन 'काफ़'च्या समांतर तिरप्या रेघा ओळखू आल्या, तरी ते नाणे ओडिशातच पाडले असे म्हणता येत नाही. त्या नावाच्या नाण्यांपैकी काही अभ्यासकांनी नागपूर राज्यातील टांकसाळींशी जोडली आहेत. वैनगंगेकाठी 'कटक'चा रुपया सापडला तर दूरच्या व्यापाराचे तर्क लढवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे; तो त्या वेळच्या राज्यकर्त्यांचा घरचाच चलनी रुपया असू शकतो.

दुसरा धोका स्थानिक अभिमानाचा आहे. नाण्यावर 'चांद–' एवढीच अक्षरे उरली असतील, तर चंद्रपूरच्या वाचकाला 'चांदा' दिसणे स्वाभाविक होय. परंतु 'जाफराबाद उर्फ चांदोर' ही नाशिक जिल्ह्यातील चांदवडची टांकसाळ प्रसिद्ध होती आणि तिचा 'चांदवडी' रुपया दूरवर चाले. फारसी लिपीत या दोन नावांचा आरंभ सारखाच आहे. फरक शेवटच्या अक्षरांत, म्हणजे नेमका झिजणाऱ्या व चकतीबाहेर जाणाऱ्या भागात. शेवटची अक्षरे किंवा 'उर्फ' यांपैकी काही दिसत नसेल तर टांकसाळ 'अनिश्चित' अशीच नोंदवावी. गढा-मंडल्याच्या संग्रामशाहाची सोन्याचांदीची नाणी ज्ञात असल्यामुळे चांद्याच्या गोंड राजांच्या नाण्याचा शोध लावण्याचा मोह अधिकच बळावतो. त्या मोहाला अर्धवट अक्षरांचा आधार पुरेसा नाही.

दक्षिणेकडे, सिरोंचा भागात, आणखी एक शक्यता वाढते. गोदावरीच्या डाव्या तीरावरील हा प्रदेश १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. तेथे हैदराबादी रुपया आढळला तर आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

झीज कशाची?

सर्व झीज व्यवहारातली नसते. हातोहात फिरलेले नाणे दोन्ही बाजूंनी साधारण सारखे झिजते. एकच बाजू गुळगुळीत व दुसरी तुलनेने ठसठशीत असेल, तर ते नाणे अंगावर वागवलेले असण्याचा संभव मोठा. गोंड व माडिया स्त्रियांच्या गळ्यात चांदीच्या नाण्यांच्या माळा असत व आजही दिसतात. अशा नाण्याच्या कडेला भोक, अथवा कडी तुटल्यावर उरलेला डागाचा खडबडीत उंचवटा मिळतो. त्वचेवर व वस्त्रावर घासणारी बाजू झिजते. काठाशी किंवा पृष्ठावर बारीक टोचे असतील तर ते सराफी पारखीचे. त्यांना मूळ ठशाचा भाग समजू नये.

या भेदाला ऐतिहासिक महत्त्व आहे. १७५० नंतर पाडलेला रुपया माळेत ओवून १९५० मध्येही कोणी वापरला असेल व तो तेव्हा शेतात पडला असेल. अशा नाण्यावरून त्या जागी अठराव्या शतकात वस्ती होती असा निष्कर्ष काढणे सर्वथा चुकीचे ठरेल. याउलट एकाच मडक्यातील वीस नाणी, सर्व एकाच प्रकारची व थोडी झिजलेली, ही पुरून ठेवलेली पुंजी होय. तिच्यातील सर्वांत उत्तरकालीन नाणे पुरण्याच्या काळाची पूर्वमर्यादा दाखवते. म्हणून निधीतील 'चांगली' नाणी निवडून घेणे व झिजलेली परत करणे हा अभ्यासाच्या दृष्टीने अक्षम्य अपराध आहे.

कायदा व नोंद

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू 'निधी' होय. तिचे मूल्य दहा रुपयांहून अधिक असल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. ही दहा रुपयांची मर्यादा आजच्या काळात हास्यास्पद वाटते. व्यवहारतः तिचा अर्थ चांदीचे प्रत्येक नाणे असा होतो. सूचना न दिल्यास सापडणारा आपला हिस्सा गमावतो आणि एक वर्षापर्यंतच्या कारावासास किंवा दंडास पात्र ठरतो. परंतु याच कायद्यात, निधीचा कोणी मूळ मालक न निघाल्यास व वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास देण्याची तरतूद आहे. शासनास निधी संपादन करावयाचा झाल्यास धातूच्या मूल्यावर एक पंचमांश अधिक देऊन तो घेता येतो. शिक्षेचे कलम गावोगाव ऐकून माहीत असते. हिश्शाचे कलम क्वचितच कोणी सांगते. नाणी मुशीत जाण्यामागे हे अर्धवट ज्ञान मोठ्या प्रमाणात कारणीभूत असावे. वनजमिनीवर 'जागेचा मालक' कोण, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत वारंवार उद्‌भवणारा आहे. तो अध्यापकाने स्वतः सोडवू नये, जिल्हाधिकारी कार्यालयावर सोपवावा. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू असल्याने तिचा परवान्याविना व्यापार करता येत नाही, हेही विद्यार्थ्यास सांगावे.

विद्यार्थ्याने नाणे आणल्यास अध्यापकाने ते ठेवून घेऊ नये. वजन, व्यास, जाडी, दोन्ही बाजूंची व किनारीची मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत आणि सूचनापत्र लिहिण्यास साहाय्य करावे. कायदा त्या पत्रात निधीचे स्वरूप व मूल्य, सापडल्याची जागा आणि तारीख मागतो. जागा लिहिताना गाव, गट क्रमांक, खोली, मातीचा रंग व आसपास खापरे, विटा वा राख होती काय, एवढे तरी यावे. नाण्यांची जुनी परंपरा सांभाळणारे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून उभे आहे. तुलनेसाठी तेथील संग्रहाचा उपयोग व्हावा.

जागेच्या नोंदीवर एवढा भर देण्याचे कारण याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तत्कालीन चांदा जिल्ह्यात सातवाहनांच्या पोटीन धातूच्या नाण्यांचा निधी मिळाला. रॅप्सन यांनी १९०८ च्या आपल्या सूचीत त्याचा उपयोग केला आणि त्यातील काही नाण्यांवरून 'कृष्ण' नावाचा उत्तरकालीन सातवाहन राजा मानला. १९३९ मध्ये तऱ्हाळा (तेव्हा अकोला, आता वाशीम जिल्हा) येथे सुमारे सोळाशे नाण्यांचा निधी उजेडात आला. वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासून पुराणांत नसलेली राजनावे वाचली. त्यांत 'कर्ण' शातकर्णी हे एक होते. तेव्हा चांद्याच्या नाण्यांवरील अर्धवट नाव कृष्णाचे की कर्णाचे, हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. दोन-तीन अक्षरे काठाबाहेर गेल्याने एका राजाचे अस्तित्व शंकास्पद व्हावे, हे झिजलेल्या नाण्यांच्या वाचनाचे बोलके उदाहरण आहे. तऱ्हाळ्याचा निधी गावाच्या नावाने ओळखला जातो. चांद्याचा निधी नाणकशास्त्रीय ग्रंथांत केवळ जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो. त्या जिल्ह्यात २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आजचा गडचिरोलीही समाविष्ट होता, आणि 'चांदा' या एका शब्दावरून ती नाणी वैनगंगेच्या कोणत्या तीरावर पुरली होती एवढेही सांगता येत नाही.